छोटी लाईन

इतवारीहून निघाली की
सावनेरपर्यंत नुसती कपाशी, धूर,
आणि तुमानेकाकांच्या डब्यातला पाटोडीचा रस्सा,
सांडायचाच.

रामाकोना गेलं की गाडी दम खायची.
घाटात इतकी हळू
की मेश्राम गार्ड खाली उतरून
टेंभरं वेचत सोबत चालायचा,
मग शेवटच्या डब्यावर
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून
वर चढायचा.

कुकडीखापाला धबधबा डावीकडे.
सगळा डबा डावीकडे.

वाघ नाही दिसला कधी.
एकदा सांबर दिसलं.
त्यानं आमच्याकडे पाहिलं,
जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यांकडे पाहावं तसं.

आता रुंद रुळांवरून
जंगल येतं न येतं तोच संपतं.
मोतीबागेत इंजिन उभं आहे, रंगवलेलं.
नातू विचारतो, हे धावायचं?

नाही रे.
चालायचं.