भाग क्रमांक दोनशे सत्तावीस

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा वर्ग म्हणजे
एक हजार एकशे बारा मतदार.
पिशवीत यादी, नमुना सहा, नमुना सात,
ग्लुकोजची पुडी, अर्धा कांदा,
कानाला घट्ट बांधलेला दुपट्टा.
पारडीपल्याडचं ऊन कुणाला जात विचारत नाही,
असं लिहिणार होते.
खोटं आहे.
पत्र्याखाली राहणाऱ्यांना ते आधी विचारतं.

सतरा वर्षांपूर्वी हे काम गळ्यात पडलं तेव्हा
निनावे, पराते, धकाते, हेडाऊ,
गल्लीभर आमच्याच माहेरची आडनावं.
मागाच्या खटखटीत नाव ऐकू यायचं नाही,
दोनदा विचारावं लागायचं.
आता मागाच्या खड्ड्यात सिलिंडर ठेवलाय.
वरच्या खोल्यांत भाड्यानं साहू, निषाद, मरकाम,
पलीकडे अन्सारींचं मोठं घर,
कोपऱ्यावर दरभंग्याचा ठाकूर, कैचीवाला.
निनाव्यांची पोरं हिंजवडीत,
नावं मात्र इथंच.
गेलेली नावं निघता निघत नाहीत,
आलेली लागता लागत नाहीत.

बिसाहीनबाई साहू राजनांदगावहून आली
तेव्हा उड्डाणपुलाचे खांबही नव्हते.
गिट्टी तिनंच वाहिली.
"मोर नाँव हवय का, बाई?"
दरवर्षी विचारते, जशी पोरं निकाल विचारतात.
सून कोष्ट्याची. नातू शिव्या देतो त्या अस्सल आमच्या,
"काऊन बे" पासून पुढच्या साऱ्या.
त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं?
बरं आहे, नमुन्यात तसा रकाना नाही.

तो रकाना गुणवंतभाऊजवळ आहे.
चहाच्या टपरीवर यादीची झेरॉक्स,
चार रंगांचे चार पेन,
हिरवा, निळा, केशरी, पिवळा, आडनाव पाहून.
"मॅडम, तुम्ही दारोदार फिरता.
सांगा ना जी, आपले किती उरले?"
'आपले' म्हणताना
वजनकाट्यावर बोट ठेवल्यासारखा आवाज.
"आधी ह्या बूथवर सहाशेची लीड. मागच्या खेपेस एकशे चाळीस.
यंदा बाहेरचेच ठरवतील, दिल्लीत कोण बसायचं ते."

बाहेरचे.
आमचे खापरपणजे भोसल्यांच्या काळात
सूत घेऊन कुठून तरी आले म्हणे.
तेव्हा यादी नव्हती,
म्हणून आम्ही इथलेच.

उलट्या बाजूनं वाचत गेले.
घर क्रमांक एकशे एक: नायडू कुंदा व्यंकट.
रंग नाही. पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह,
शेपूट जरा लांबच.
माझे सासरे कामठीत जन्मले,
रेल्वेत राबले, मराठीत भांडले,
मरताना तेवढं तेलुगूत काही बोलले,
ते आम्हा कुणाला कळलं नाही.
"हे नायडू कोण? इकडचे का तिकडचे?"
"कुलूप असते जी त्या घराला," मी म्हटलं,
आणि चहाचे पैसे माझे मी दिले.

आठवड्यानं कचेरीतून नमुना सातचा गठ्ठा आला.
एकेचाळीस हरकती, अक्षर एकाच हाताचं:
'सदर इसम येथे राहत नाही.'
एकोणतिसाव्या कागदावर साहू बिसाहीन.

गेले.
सदर इसम कूलरच्या टाकीत बादलीनं पाणी ओतत होता.
सदर इसमानं पदराला हात पुसले,
खुर्चीवरचे कपडे उचलले,
म्हणाला, "बइठ बाई, घाम पोंछ ले."
तपासणीच्या शेऱ्याला तीन ओळींची जागा होती.
उन्हानं पेन चालेना. तळव्यावर घासलं.
आहे,
एवढंच लिहिलं. खाली सही. कुंदा नायडू.

तिसावा कागद अन्सारींचा.
त्यांचं दार उघडंच होतं,
आतून कुणीतरी ओरडलं,
"अम्मी, यादीवाली मॅडम आली बघ!"