होकाराचा सांधा

तो चालत आला, त्यानेच आधी सगळे फसले.
क्युस्तेंदिलचं रुग्णालय, जूनमधला मंगळवार,
शर्टावर चेरीचे डाग, रक्ताचे नव्हेत,
आणि दोन्ही तळहातांत स्वतःचं डोकं,
काठोकाठ भरलेली घागर उतरवावी तसं.

"शिडीवरून पडलाय," बायको म्हणाली, "काल.
रात्रभर असाच बसून. आडवा हो म्हटलं तर डोळे वटारतो."

मी एक्स-रेवाली. वीस वर्षं हाडांचे फोटो काढते.
हात मोडलेला माणूस हात धरतो, पाय मोडलेला पाय.
डोकं धरून येणाऱ्याला मी खुर्चीतून उठू देत नाही.
आधी गळपट्टा. नाव मग.

नाव झेल्याझ्को. म्हणजे लोखंडाचा.

बाजूने काढलेला फोटो सरळ दिसला.
जबड्याची सावली, कवटीची सावली,
त्यांत पहिले दोन मणके
लग्नघरातल्या यजमानासारखे, आहेत पण सापडत नाहीत.
मग आ करायला लावलं.
या दोघांचा फोटो तोंडातूनच घ्यावा लागतो:
जिभेच्या मागे, अंधारात, आणखी एक दात असतो,
कधी काही न चावलेला.
दुसऱ्या मणक्याचा सुळका.
खुंट्याभोवती जात्याची वरची तळी फिरावी
तसा पहिला मणका त्याच्याभोवती फिरतो,
आणि आपण म्हणतो, मी वळून पाहिलं.

सोन्याची दाढ नेमकी आड आली.
सीटीत मात्र लपता आलं नाही:
सुळक्याच्या बुंध्याशी रेघ. केसाएवढी.
तिच्यामागे नखभर अंतरावर
श्वासाची दोरी.

डॉक्टर गाजेवांनी खुर्ची ओढली, त्याच्या डोळ्यांसमोर बसल्या.
"मागून स्क्रू घालून दोन्ही मणके जखडता येतील.
मग मान वळणं निम्मं जाईल, कायमचं.
नाहीतर कडं: कवटीला चार खिळे, छातीला कवच,
बारा आठवडे. हाड जुळेलच, असं लिहून देत नाही."

इथे एक सांगायला हवं, परक्या माणसाला पटत नाही ते.
आमच्याकडे मान वर झटकली की नाही,
डावी-उजवीकडे हलवली की हो.
नकार राहतो कवटीच्या बुडाशी, पहिल्या मणक्यावर.
होकार नेमका त्या मोडक्या सुळक्यापाशी.

नेदाने मनातल्या मनात हिशोब केला.
"म्हणजे स्क्रू घातले तर याचा हो निम्मा?
आधी कुठे पोतंभर होता!"
तो हसायला लागला,
डोकं घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी,
आणि आम्ही चौघं एकदम: हसू नका!

"मग कडं?"
त्याची मान निघालीच होती. अर्ध्या श्वासात थांबली.
मग त्याने तोंड उघडलं. दा.
नेदा माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तोंडाने पहिल्यांदाच ऐकते.
लग्नातसुद्धा नुसती मान हलवली होती."

कडं सोफियाहून टॅक्सीने आलं.
खिळे कपाळावर दोन, कानांमागे दोन, मोजून पिळायचे,
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा,
त्यानंतर रोज फक्त पुसायचे.
हे लोखंड नाही, टायटॅनियम, असं कळल्यावर
तो दिवसभर नाराज होता.
उन्हाळाभर बसून झोपला.
नेदा सांगते, खूप बोलला. चेरी कुणी किती चोरल्या तेसुद्धा.

सप्टेंबरात रेघ अजून होती, पण पुसट,
तिच्या दोन्ही काठांवरून नवं हाड आलेलं.
कडं काढलं. कपाळावर दोन खळगे.
"घरी जायचं?" नेदाने विचारलं.

अंधारात पायरी चाचपावी तशी
मान डावीकडे गेली, थोडी.
थांबली.
मग उजवीकडे.

बाहेर मनगट मोडलेली एक पोरगी वाट पाहत होती.
मी तिला आत घेतलं.