उ ३

लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेमस्टर.
मधली अक्षरं कुठं गेली
ते इथं कुणी विचारत नाही.
जुन्या वस्तूंची दुकानं बेकऱ्यांपेक्षा जास्त,
आणि लिलावघराच्या मागच्या खोलीत मी,
खेडच्या लाकूडवखारवाल्याची मुलगी.

मिस्टर प्रॉसर तिला घेऊन आले
कुत्र्याच्या घोंगडीत गुंडाळून.
हातभर उंच, कमरेत वाकलेली,
डाव्या हातावर पक्षी.
"देवळातली आहे. पाचशे वर्षांची."
सगळ्यांच्याच वस्तू पाचशे वर्षांच्या असतात.
साडेचारशेची अजून एकही आली नाही.

मी आधी चेहरा बघत नाही.
चहाचं पाणी, बुटाचं पॉलिश,
चार महिने शेणखतात पुरून ठेवणं,
एवढ्यावर कुणीही म्हातारं दिसतं.
मी पालथी घालते.
पाठ कुणी सजवत नाही.

भोकं बघते. किडीला सरळ चालता येत नाही,
सरळ गेलं ते ड्रिल.
आणि पोखरलेली वाट उघडी पडून
गालावरून पन्हळीसारखी वाहत असेल
तर कीड आधी, कोरणारा नंतर:
जुन्या तुळईतून काढलेली नवी बाई.
हिच्या गालावर तसं काही नाही.
भोकं फक्त कडेच्या पांढऱ्या लाकडात,
गाभ्याला कीड शिवलेली नाही.
साग.

पण पाठीवर करवतीचे व्रण,
एकामागे एक, कमानीसारखे.
हातकरवत सरळ ओरखडे काढते.
कमान काढते ती गोल करवत, पट्ट्यावर फिरणारी,
बाबांच्या वखारीत दिवसभर किंचाळायची तीच.
पाचशे वर्षांपूर्वी ती कुठली?

मी म्हटलं, एकशे तीस. फार तर चाळीस.
मिस्टर प्रॉसर खुर्चीत थोडे खाली सरकले.
"आमचं स्वयंपाकघर याहून जुनं आहे," म्हणाले,
आणि घोंगडीची घडी घालायला लागले.

तेवढ्यात खाली, खुंटीच्या भोकापाशी,
पटाशीच्या टोकानं खरवडलेलं दिसलं: उ ३.
इतकी वर्षं इथं सगळ्यांना ते नुसते ओरखडे वाटले.
उजवीकडची तिसरी? की उत्तरेकडची?
सुताराला माहीत होतं, त्याचं भागलं.
देऊळ असेल, पेढी असेल, कुणाचा सज्जा असेल.
हिच्या अलीकडे दोघी होत्या, एवढं नक्की.

मग हात.
डावा, मनगटापासून वेगळा. फिकट,
आडवे चकाकते चट्टे असलेला. ओक.
तुटल्यावर इथंच कुणीतरी बसवलेला.
बोटं आखूड, जाड, नखं चौकोनी;
समोर दुसरा नमुना नसावा, स्वतःचा सोडून.
पक्षी होता, हे त्याला कुणी सांगितलं असेल.
कुठला, ते सांगितलं नसेल.
पोपट हवा तिथं बसलाय
छातीवर ठिपके असलेला थ्रश,
इथल्या कुंपणातला, मान तिरकी करून,
गोगलगाय दिसल्यासारखा.

कॅटलॉगात दोन ओळी मिळतात.
पश्चिम भारत, साग, सुमारे १८९०.
डावा हात व पक्षी नंतरचे.
'नंतरचे' लिहिलं की भाव निम्मा.
लिहिलं.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं.
देवळाचं त्यांनी विचारलं नाही, किमतीचंही नाही.
म्हणाले, "सागाला ओक? सागात तेल असतं गो,
सरस धरत नाही. सहा महिन्यांत सुटायला हवा जोड."

सकाळी टॉर्च घेऊन पुन्हा मनगट बघितलं.
सरस होता. पिवळा, पापुद्रा झालेला,
एकदा लावून सुटलेला.
आणि त्याच्यातून आरपार
काडीएवढी खुंटी,
डोकं घासून बेमालूम केलेलं.

म्हणजे त्यालाही कळलं होतं.
सहा महिन्यांनी.