दोन रुपयांची हरकत

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये
निळ्या चादरीपुढं लोखंडी खुर्ची टाकून
तीन दिवसांत अख्ख्या भिलवडीचं तोंड मी टिपलं.
हलू नका. हनुवटी खाली. पदर जरा मागं.
हसू नका म्हणायची वेळच आली नाही,
सरकारी कामात कोण हसतंय.

कार्डं आली तेव्हा लोक दुकानावर धावून आले.
"तांबोळी, ह्यो मी हाय व्हय?
ह्यो तर मेल्यावर काढल्यागत दिसतोय."
दोष मशीनचा होता, शिव्या मी खाल्ल्या.

तेव्हापासून दुकानापुढच्या बाकावर
हा वाद चालूच आहे.
बाहुबली उगारे म्हणतो, फोटो पाहिजेच.
त्याचा चुलता ज्या साली वारला
त्याच साली मत देऊन गेला होता,
शाई लावून, सही करून, व्यवस्थित.
"जित्तेपणी अंगठा मारायचा म्हातारा.
मेल्यावर एवढं वळणदार अक्षर आलं कुठनं?"

गजरा कोळी मासळीची पाटी उतरवत म्हणते,
"दारात मत मागाय येत्यात तवा
कोन फोटो इचारतंय?
तवा नावानं हाका मारत्यात,
सुनंचं बाळंतपन कुठं झालं त्ये बी ठावं असतंय.
मशिनीपाशी गेलं की मग म्हनं तुमी कोन."

रिटायर तलाठी गव्हाणे भाऊसाहेब
बारा कागद चालतात म्हणून बोटं मोडतात
आणि दर वेळी नवव्यावर अडतात.
साधू मोटकट्टे मध्येच बोलला,
"बारा बी एकाच ट्रंकेत हुती.
ट्रंक गेली कृष्णामाईत."

त्यावर बाक गप्प.
त्या पुरात माझ्याही निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या,
एकाच्या कपाळावर दुसऱ्याची मिशी.
वाळत घातल्या, मग टाकून दिल्या.

यंदा मी बूथवर एजंट.
दुपारी तीनला, बूथ पेंगत असताना,
चंपूबाई मोहिते आली नातवाच्या खांद्याला धरून.
कार्ड पुढं केलं.
नाव शाबूत, बापाचं नाव, नंबर शाबूत.
फोटोच्या जागी पांढरा डाग,
आणि डागाच्या कडेला एक कान.

अधिकारी बाई जतकडच्या शाळेतल्या, नव्या.
त्यांनी कार्ड उजेडात धरलं, मग कानाकडं पाहिलं.
समोरच्या एजंटनं खिशातून दोनाचं नाणं काढून
टेबलावर ठेवलं.
कायद्यात आहे तसं. हरकतीचे दोन रुपये.
चहाही येत नाही एवढ्यात,
माणूस मात्र थांबवता येतो.

"हिला कोण ओळखतं?" बाईंनी विचारलं.
सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
मी तोंड उघडलं आणि कळलं,
या बाईचा फोटो मी काढला होता,
बाई पाहिलीच नव्हती.
कपाळावर उजेड पडतो का,
पापणी मिटली का, तेवढंच.

तिनंच मला निरखलं.
"जैनबीचा थोरला न्हवं तू?
मोरनी चमकती म्हनून काडाय लावलीस.
घालताना फिरकी पडली त्या हालात.
तुज्या आयला सांगितलं हुतं मी."

आणि मला सतरंजी आठवली,
खाली वाकून हात फिरवणारी एक बाई,
मागं रांग, आणि मी ओरडतोय, "चला, पुढचे."
"ही चंपूबाईच," मी म्हणालो.
आवाज जरा मोठाच निघाला.

बाईंनी दोन रुपये जमा करून पावती फाडली.
बोटाला शाई लागली.
आत जाताना तिनं पदर सारखा केला,
हनुवटी जराशी खाली.

दुसऱ्या दिवशी बाकावर पुन्हा तेच.
बाहुबली म्हणाला, बघ, चांगला फोटो असता
तर एवढं झालंच नसतं.
गजरा म्हणाली, फोटो नव्हता म्हणूनच तर कळलं कोण ती.
मला विचारलं तर मी म्हणालो, फोटो पाहिजेच.
धंदा आहे माझा. आणि उगाऱ्याचा चुलताही खरा आहे.

चंपूबाईला निरोप धाडला,
नवीन कार्डाला फोटो काढून देतो, फुकट.
आठवड्यानं आली. पायरी चढलीच नाही.
"फिरकी घावली का?" एवढंच विचारलं
आणि बाजाराकडं चालू लागली.