हाकेच्या अंतरावर

पाथरटोल्याची खाण बंद पडून अकरा वर्षं झाली
तेव्हा केळुसकर मॅडम आल्या,
एक छत्री आणि नकाशाची नळी घेऊन.
अठरा होल्स. त्यातली चार छोटी.
मी टेपचं टोक धरायला, रोज साडेतीनशे.

लांब होल कुठंही बसतात, त्या म्हणाल्या,
जमीन वाहते तसं वाहू द्यायचं.
छोट्याची जागा शोधावी लागते
पायातल्या काट्यासारखी, नखानं चाचपत.

पहिल्या दोन-तीनांत छोटं नको:
खेळणारे तुंबतात,
लग्नात हात धुवायच्या नळापाशी तुंबतात तसे.
चारही एका दिशेला नकोत.
एकाला वारा आडवा, एकाला तोंडावर,
एक चढाचं, एक उताराचं.
आणि शेवटचं छोटं शेवटाच्या जरा आधी,
जिथं पाय थकलेले असतात
पण हिशेब चालू असतो.

तीन बसली.
पाचवं मोहाच्या रांगेमागं,
नववं बोडीच्या पाळीवर,
बारावं लांबडं, नावालाच छोटं.
सोळावं बसेना.
नकाशात ते गेटजवळ होतं, सपाट, पश्चिमेला तोंड करून,
साडेचारनंतर ऊन थेट डोळ्यात.
मॅडम संध्याकाळी खुंटी ठोकायच्या,
सकाळी स्वतःच उपटायच्या.

बिसन उईके खाणीच्या काठावर बसून हे पाहायचा.
त्याची नोकरी होती ओरडायची.
सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी
काठावर उभं राहून तीनदा: बाऽऽर!
तेवीस वर्षं.
हाक कुठवर जाते हे त्याच्या गळ्याला पाठ:
थंडीत पार टोल्याच्या विहिरीपर्यंत;
एप्रिलात ऊन ती वरच्यावर खाऊन टाकतं;
पूर्वेचा वारा असला
की सागाच्या रोपवनात शिरते, परत येत नाही.

"बाई, इथून पाहा जी."
खाली खाणीचा तळ, मध्ये पाणी,
पाण्यापलीकडं एक कट्टा, अंगणाएवढा,
जिथं ट्रक वळायचे.
"तिथं माहा भाऊ उभा राहे.
मी हाक मारली का तो हात वर करे.
हात दिसला का मंग बत्ती."

मॅडमनी दुर्बीण लावली. एकशे अठ्ठावीस यार्ड.
सगळ्यात छोटं.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, छोट्याला काही लपवता येत नाही,
उभं राहिलं की सगळा प्रश्न समोर.
"आन चुकलं तं?"
"पाण्यात."
"हाव. आमचंबी तसंच होतं."

सोळावं तिथं गेलं.
त्यापायी चौदावं वळवलं, पंधरावं कापलं,
गेटजवळची जागा गाड्यांना दिली.
कट्ट्यावर माती पडली, गवत धरलं.
गवताला टँकर रोज, टोल्याला एक दिवसाआड.
हे मी मॅडमना सांगितलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

आता शनिवारी नागपूरचे लोक येतात.
पिशवी माझ्या खांद्यावर.
कुणी वारा विचारला तर मी बिसनकडं बघतो.
तो काठावर असतो,
मॅडम विसरून गेलेल्या त्या छत्रीखाली.
चेंडू सुटायच्या आधी त्याचा गळा हलतो.
आवाज काढत नाही.

परवा वारा एकदम फिरला,
पलीकडच्या कट्ट्यावर पडून राहिलेला झेंडा
वर उचलला गेला,
आणि बिसन उठून उभा राहिला.