स्टँडचा आटा

ढोमणे साउंड सर्व्हिस म्हंजे मी.
एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे, चार पेट्या,
अन् एक लोखंडी स्टँड,
बापानं हिंगणघाटच्या बाजारातून आणलेला.
लग्न, तेरवी, पोळा, झेंडावंदन,
बावीस गावायचा घसा माह्या टेम्पोत असते.

स्टँडचा आटा साडेपाच फुटावर गंजला होता.
मले माहीतच नोतं.
कोणासाठी खाली करा लागला नाई,
तं माहीत पडन कसं?

पेंढरीच्या सरपंच झाल्या पंचफुलाबाई कुमरे
तवा पेटीमागं मीच होतो.
हार त्यायच्या गळ्यात,
माईक त्यायच्या मालकाच्या हातात.
मालक म्हणे, "आम्ही निवडून आलो."
'आम्ही'वर भोंग्यानं शिटी मारली,
मी ट्रेबल कमी केला.

सव्वीस जानेवारीले एकडाव बोलल्या त्या.
मान वर करून, माईकच्या बुडाशी,
निंबाच्या शेंड्यावरची घार पाहावी तशा.
तीन वाक्यं. तिसरं तं जय हिंदच.
मागून कोणी वरडलं, "आवाज वाढव ना बे!"
वाढवला.
पंख्याची घरघर मोठी झाली,
एसटीचा हॉर्न मोठा झाला,
काकणायची किणकिण मोठी झाली.
त्याच तेवढ्या नाई.

मंग मे महिन्यातली ग्रामसभा.
समाजमंदिराच्या टिनाखाली जीव भाजून रायला,
बाया दाराजवळ,
अर्ध्या आत, अर्ध्या चपलांवर.
मालक उठले सवयीनं.
पंचफुलाबाई म्हणल्या, "थांबा. सभा माही आहे."
अन् मले, "दादा, हे खाली घे."

पिळलं. हाललं नाई.
पक्कड आणली. नाई.
टेम्पोतलं ऑइल सोडलं, दगडानं ठोकलं,
ठण् ठण् साऱ्या गावात,
माईक सुरूच होता.
लोक हासले. मालकानं घड्याळ पायलं.
ग्रामसेवक म्हणे, "मॅडम, हातात घेऊन बोला नं."
"हातात कागद आहे," त्या म्हणल्या,
अन् उभ्या रायल्या.
सरकल्या नाई, पदर सावरला नाई,
वेळ लागला म्हणून माफी मागितली नाई.
एवढी भाषणं वाजवली मी,
पण कोणाचं नुसतं उभं रायनं
असं आयकलं नाई आजलोक.

मंग आटा कर्रर्र करत सुटला.

"टाकीचा दुसरा व्हॉल्व्ह," त्या म्हणल्या,
"बिलात आहे, जमिनीत नाई.
अठरा हजार चारशे.
मी सोता टिकास घेऊन खंदून पायलं.
संगं शेवंता होती, विचारा."
दाराजवळून आलं, "होती."
तो आवाज माह्या कोणत्याच पेटीतून आला नोता.

लय मोठं भाषण होतं असं नाई.
'ग्रामनिधी'वर अडखळल्या,
कागद एकडाव उलटा धरला,
शेवटी आवाज फाटला.
पण फाटलेला आवाजही पुरा पोचला
पार पानठेल्यापर्यंत,
अन् मालक सतरंजीवर बसून होते,
कोणी त्यायले खुर्ची द्यायची विसरलं.

तवापासून स्टँड तिथंच आहे.
मागच्या महिन्यात रस्त्याचा नारळ फोडाले
सहा फुटाचे एक साहेब आले.
पुरं भाषण वाकून केलं.
लोक म्हणे, साहेब किती नम्र!
वर घ्यायचं विसरलो मी.
खरंच विसरलो का, थे इचारू नका.

काल सांजी गोदामात गेलो
तं बायको स्टँड पुसून रायली होती.
लाइन नोती, वायर गुंडाळून खुटीले.
बंद माईकसमोर तिचे ओठ हालले.
म्हणलं, "काय वं?"
म्हणे, "काई नाई.
उंची पाहून रायली."