पक्का रंग

कोडम मास्तर रंगखात्यातून आले होते.
पदवी नव्हती, तेव्हा गावात कुणाकडेच नव्हती तसली.
डॉक्टरांना हवा होता एक माणूस
ज्याला रंग चढवता येतो
आणि कुठं थांबायचं ते कळतं.
साखर पेठेत बारा वर्षं
सुताच्या लडी हंड्यात बुडवून
नखांच्या कडा जांभळ्या झालेल्या,
त्या नोकरी बदलली तरी गेल्या नाहीत.

मला म्हणाले पहिल्या दिवशी,
"काच धर बे. थुंकी पसर, वाळव, ज्योतीवरनं तीनदा काढ.
लाल ओत. वाफ येऊ दे, उकळू देऊ नको.
मग ॲसिड.
कच्चा रंग उतरतो. उतरत नाही, ती टीबी.
चादरीचा रंग पक्का निघाला की गिऱ्हाईक खूश.
इथं पक्का निघाला की एक घर बसतं खाली."

मग निळा.
निळ्यात लाल काड्या,
मागाखाली तुटून पडलेल्या धाग्यांसारख्या.
मास्तर मोजायचे ओठ न हलवता.
गिरणीत असताना भिंगातून इंचातले धागे मोजलेले,
म्हणायचे, काम तेच आहे, फक्त कापड ओलं आहे.

चहाच्या वेळी इतिहास सांगायचे, त्यांच्या पद्धतीचा.
आधी वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटायचा.
लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह.
"पहिल्या टेक्निशियन मुंग्याच की. पगार साखरेत."
पुढं परीक्षानळी आली,
निळ्याची हिरवी, हिरव्याची पिवळी, शेवटी विटकरी.
ती डॉक्टर स्वतः तापवायचे रात्री कंदिलाशी,
मग त्यांना वेळ पुरेना म्हणून कंपाउंडर,
कंपाउंडरला पुरेना म्हणून मी, म्हणायचे.
रिपोर्टखाली सही मात्र वरतीच राहिली.

एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली.

एप्रिल. बाहेर ऐंशी बाटल्यांची रांग.
शिपाई ओरडला, एक्काहत्तर!
मास्तर मोजत तेलुगूत. तिथं सत्तर आधी येतात, एक नंतर.
मराठीत एक आधी येतो.
कानाला जे आधी आलं ते हातानं आधी लिहिलं :
एक. मग सात.
रात्री रजिस्टर मिटताना दिसलं,
सतरा दोनदा,
आणि एक्काहत्तरची ओळ कोरी.

सकाळी सायकल काढली.
घोंगडे वस्तीत लच्चव्वा, विड्या वळणारी, नंबर सतरा.
तिला दोन दिवसांत वेगळं ताट मिळालं होतं,
वेगळा पेला, दाराबाहेर पोतं.
नातू आईच्या पाठीमागून बघत होता तिच्याकडं.
मास्तर पोत्याच्या कडेला बसले.
म्हणाले, चूक माझी. तुम्हाला काही नाही.
कुणी विश्वास ठेवेना.
तेव्हा त्यांनी तिच्या त्या वेगळ्या पेल्यात पाणी मागितलं
आणि सगळ्यांसमोर प्याले,
सावकाश, तळापर्यंत.

मग जोडबसवण्णा चौकाकडं, एक्काहत्तरच्या घरी.
तिथं काय झालं, ते सांगितलं नाही.
मी विचारलं.
बशी धुवायला उठून गेले.

आता मशीन आहे. बाटलीवर काळ्या रेघा,
त्या रेघांना मातृभाषा नाही.
दीडशे नमुने तासात,
नवी पोरं पडद्याकडं बघतात, काचेकडं क्वचित.
त्यांच्याकडं पदव्या आहेत, बरंच आहे,
हातही माझ्यापेक्षा स्थिर.

तरी मी नंबर अजून सुटेच म्हणतो.
सात. एक.
पोरं हसतात,
म्हातारा फोन नंबर सांगतोय म्हणे.

मास्तर गेले तेव्हा मी हात धुतले त्यांचे,
साबण लावून, दोनदा.
नखांच्या कडा तशाच.